मशीनला थंडी लागते

गिऱ्हाइकाला स्वस्त माल घ्यायला सांगतो म्हणून मालकाच्या शिव्या खाणारा नोकर गोंदियाच्या बाजारात मी एकटाच असेन. शिलाई मशीनच्या दुकानात मी मिस्त्री होतो. दुकान शेठचं, पाने-पेचकस माझे. सारा जन्म त्यात गेला. शेठ काउंटरवर महागाची मशीन पुसून-पासून दाखवायचे, आणि मागच्या बाकावरून मी विचारायचो, "बाई, दिवसाला शिवता किती?" एवढ्यानंच शेठचं तोंड आंबट व्हायचं. गिऱ्हाईक गेलं की म्हणायचे, "तू मेरी ही दुकान में बैठके मेरी दुकान बंद करवाएगा." पण मला काढलं कधीच नाही. ज्याला मी आज साधी मशीन घ्यायला लावली, तो दोन वर्षांनी बहिणीला घेऊन आमच्याकडंच येतो, हे शेठलाही माहीत होतं. आंबट तोंड हा त्यांच्या धंद्याचा भाग होता, तर नको ते विचारणं हा माझ्या.

ज्यांनी फक्त तुटलेलं बटण लावण्यापुरती सुई हातात धरली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरोघरी जी काळी पायमशीन दिसते ती साधी. तिचे भाग थोडे सैल असतात आणि तेच तिचं बळ आहे. धूळ चालते, ओल चालते, महिनाभर विसरलात तरी रुसत नाही. शिवते हळू, आणि जाड कापडावर सुई मोडते. दुसरी पॉवर मशीन, कारखान्यात असते ती. मोटरवर चालते, पायाचा अंगठा टेकवला की सर्र्कन टाका धावतो, दिवसभर चालवा, दमत नाही. पण तिचे भाग एकमेकांत घट्ट बसवलेले असतात. काळीला थेंब थेंब तेल पुरतं. हिच्या पोटाखाली अख्खं ताट असतं तेलाचं, मशीन चालू झाली की आतला पंप ते तेल ओढून वर फेकतो. डोक्यावर एक छोटी गोल काच असते, तीत तेल उडताना दिसलं पाहिजे. दिसलं तर ठीक, नाही दिसलं तर तिथंच थांबायचं. आणि किंमत काळीच्या कितीतरी पट.

मग घ्यायची कोणती? यावर लोक माझ्याशी भांडायला यायचे.

दवनीवाड्याचे एक काका पोरीच्या लग्नात आंदण द्यायला पॉवर मशीन घ्यायला आले. मी विचारलं, पोरगी शिवते का? म्हणाले, शिकेल ना. मी म्हटलं, मग शिकेपर्यंत साधी द्या, शिकली की ही घ्या. काका भडकले. माझ्या पोरीले साधी कायले देऊ, तुमच्या बापाचं जाते का, असं बरंच काही बोलले. शेठनं मला गोदामात पाठवलं आणि मशीन विकली. पुढं काही वर्षांनी तिच्या सासरच्या गल्लीत दुसऱ्या कामाला गेलो तर मशीनचा मिस्त्री आला ऐकून त्या पोरीनंच हाक मारून चहाला बोलावलं. मशीनच्या टेबलावर टीव्ही होता आणि खाली लसणाच्या जुड्या. "टेबल लय मजबूत आहे जी," ती म्हणाली, आणि दोघंही हसलो. बापानं प्रेमानं दिलं होतं, ते वाया गेलं असं तरी कसं म्हणू. पण मशीनचा जीव टीव्हीखाली गेला याचं मला वाईट वाटलंच.

उलटा मामला राइस मिलच्या एका मालकाचा. तांदळाच्या बोऱ्यांचं तोंड शिवायला हातात धरायची मशीन असते. हा गडी दर हंगामाला हलकीतली हलकी न्यायचा. ऐन हंगामात ती तापून बंद पडायची आणि मला बोलावणं यायचं. एकदा मी गेलो तर ट्रक उभा, काटा रिकामा आणि सगळे हमाल सावलीत बसलेले. हमालांना मजुरी बोरीवर मिळते, बसण्यावर नाही. त्यांचा म्होरक्या मालकाला फार शांतपणे म्हणाला, "शेठ, मशीन तुम्ही सस्ती घेता, बसून आम्ही राहतो." त्या हंगामानंतर मालकांनी भारीतली मशीन नेली. मी मात्र त्या हमालाचं वाक्य उचललं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी एकच विचारायचो: मशीन बंद पडली तर बसून कोण राहील? कोणी बसणार नसेल तर साधी घ्या. घरातली चूलच बसणार असेल तर भारीची घ्या, पोटाला चिमटा काढून घ्या. हा हिशोब मला अगदी पक्का वाटत होता. फुलवंताबाई येईपर्यंत.

फुलवंताबाई अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, प्रतापगडाकडच्या जंगलातल्या एका गावातली. घरची थोडी धानाची शेती. नवरा सखाराम जंगलखात्याच्या कामावर रोजीनं जायचा. बाई गावभरचे ब्लाऊज, फ्रॉक, शाळेचे कपडे शिवायची. काळी मशीन तिनं आमच्याच दुकानातून नेली होती आणि तिच्यावर तिनं घर ओढलं होतं. मग तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरनं सांगितलं की पायमशीन आता विसरायची.

ती दुकानात आली ती सखारामाला घेऊनच. म्हणाली, काळीलाच छोटी मोटर बसवून द्या. तशी मोटर मिळते आणि स्वस्तही असते. शेठ पॉवर मशीनकडं बोट दाखवत होते, आणि पहिल्यांदाच मी शेठच्या बाजूनं बोललो. ती छोटी मोटर घरगुती असते. घटकाभर चालली की तापते, तिला थांबवून थंड होऊ द्यावं लागतं. आणि ह्या बाईचा खरा हंगाम मंडईचा.

आमच्याकडं दिवाळी संपली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ होतो, आणि गावातल्या प्रत्येक बाईच्या अंगावर नवं पाहिजे. दिवाळीला नसलं तरी एकवेळ चालतं, मंडईला चालत नाही. त्या दिवसांत गावच्या शिंपिणीला मान वर करायला सवड नसते. अशात मोटर तापून बसली तर कपडे अर्जुनीच्या दुकानात जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक काही परत येत नाही. मी तिला माझा सवाल विचारला, बंद पडली तर बसून कोण राहील?

"सगळे," ती म्हणाली.

मग मी सांगितलं, पॉवर मशीनच घ्या. काळी त्यांनी दुकानात मोडीत दिली. मोहफुलाचा त्या सालचा सगळा पैसा त्यात गेला, आणि सखाराम दोन वर्षांपासून मोटारसायकल घेऊ म्हणत होता, तेही राहिलं. तो जाताना मला एवढंच म्हणाला, "तुमच्या भरवशावर नेऊन राहिलो, मिस्त्री." असं कोणी म्हटलं की मला त्या रात्री जेवण गोड लागत नाही.

पावसाळाभर मशीन झकास चालली. पोळा झाला, दसरा झाला, दिवाळी झाली. फुलवंताबाईचा मधूनमधून फोन यायचा, आवाज कसा खुललेला असायचा. आणि मग थंडी पडली, त्यांच्या गावची मंडई तोंडावर आली आणि तिचा वेगळाच फोन आला.

"भाऊ, मशीन हलूनच नाही राहिली."

मोटर गुंगुं करते आणि थांबते. सकाळी तर अजिबात नाही, दुपारी थोडी चालते, मग पुन्हा अडते. मी फोनवर विचारता येईल ते सगळं विचारलं. सुई बदलली का, धागा अडकला का, वीज कमी येते का. ती प्रत्येकाला नाही म्हणत गेली. शेवटी म्हणाली की सखारामानं मालाचा ऑटो सांगून ठेवला आहे, मशीन परत दुकानात आणणार आहे. शेठनंही म्हटलं होतं, आणा, बघू. बघू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. अर्ध्या किमतीत घेणार आणि वर उपकार. काळी तर केव्हाच विकली गेली होती. म्हणजे बाईजवळ धड ही नाही अन् ती नाही. पाय चालवायची मनाई, आणि घरात गावभरचं कापड पडलेलं. हातातला धंदा जाणार होता तिच्या, आणि तोही माझ्या सल्ल्यानं.

मी शेठला सुट्टी मागितली नाही, सांगितली. हत्यारांची पेटी आणि मशीनच्या तेलाचा एक डबा घेतला. तेल का घेतलं ते सांगता येणार नाही, दूरच्या गावी जाताना घ्यायचोच. बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो आणि तिथून ऑटोनं गावात पोचलो. रस्ताभर मला एकच वाटत होतं, आतला शाफ्ट, म्हणजे मुख्य दांडा, गेला असेल तर? नवा बसवायचा म्हणजे नागपूरहून मागवा, तोवर मंडई कुठल्या कुठं जाते.

घरापुढं मालाचा ऑटो खरंच उभा होता. सखाराम दोर घेऊन तयार. रागात नव्हता तो, थकलेला होता. मला बघून म्हणाला, "तुम्ही कायले तकलीफ घेतली जी, आम्ही आणूनच राहिलो होतो." त्याच्या जागी मी असतो तर मिस्त्रीला दोन शब्द जास्तच बोललो असतो.

आत मशीनवर घोंगडी टाकलेली होती. घरची जाड, काळी घोंगडी, मशीनला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली. बाजूला सखारामाची माय बसली होती, चांगली म्हातारी, पण डोळे तल्लख. मी घोंगडीकडं बघितलं तसा सखाराम ओशाळला. म्हणाला, बुढीचं डोकं आहे ते, तुम्ही ध्यान देऊ नका. पण म्हातारीनं मला सरळ सांगितलं:

"तिले थंडी लागते. उन्हं आली का चालते."

दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो असतो, पण फोनवर फुलवंताबाईनं हेच सांगितलं होतं, सकाळी नाही, दुपारी थोडी. मी घोंगडी काढली आणि हातानं चाक फिरवलं. मशीनचा भाग मोडला असेल तर चाक एकाच जागी अडतं, बाकी मोकळं फिरतं. हे चाक पुऱ्या फेऱ्यात सारखंच जड होतं, चिखलातून पाय काढावा तसं. माझा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला. मोडलेलं काही नव्हतं.

मशीनचं डोकं मागं उलटवलं आणि खालचं ताट बघितलं. तेलाच्या जागी पिवळसर, तुपासारखं थिजलेलं काहीतरी होतं. वास आला आणि मला सगळं समजलं. मोहाच्या बियांना आमच्याकडं टोळी म्हणतात. त्या टोळीचं तेल. जंगलाकडच्या घरांत अजून निघतं ते, दिव्याला, डोक्याला, दुखऱ्या गुडघ्याला, सगळ्याला तेच. उन्हाळ्या-पावसाळ्यात पातळ असतं आणि थंडी पडली की गोठतं. काळी मशीन ह्या घरात वर्षानुवर्षं ह्याच तेलावर चालली होती. ती सैल होती, थोडं थिजलं तरी पाय दाबून निघायची. ही घट्ट, हिच्या नळ्या काडीएवढ्या, त्यात तूप भरल्यावर बिचारी काय करील?

खरं तर म्हातारीनं रोगाचं नाव अचूक सांगितलं होतं. मशीनला थंडीच लागली होती.

पण सखारामाच्या डोक्यात आता सगळं एकदम चढलं. एवढी महागाची वस्तू आणि तिच्यात घरचं तेल कोणी ओतलं? तो बायकोकडं बघत होता. मशीनसोबत आलेली तेलाची बाटली केव्हाच संपली होती, गावच्या दुकानात मिळायच्या त्या बोटाएवढ्या बाटल्या, त्यांनी ताट काय भरणार? फुलवंताबाई मान खाली घालून म्हणाली, "मी टाकली."

म्हातारी उठली. म्हणाली, "कायले खोटी बोलतेस व?" मग लेकाकडं वळली. "मी टाकली. ताट कोरडं दिसलं. घरात नवीन आली तं तिले उपाशी कायले ठेवू?"

मला दिसलं ते एवढंच की म्हातारीचे केस कोरडे, पांढरे भुरभुरत होते. बाटलीभर तेलाला किती टोळी लागते ते मला माहीत आहे. वेचा, फोडा, वाळवा, मग तेलघाणीवर न्या. ताट भरायला तर डबाभर. बुढीनं आपल्या वर्षाचं तेल मशीनला पाजलं होतं. मला भरून आलं, उगाच खोटं कशाला बोलू.

सखाराम अजून तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "सखाराम, ऐक. ताट कोरडं राहिलं असतं तर ही मशीन दसऱ्यालाच जळून गेली असती. मग मीच काय, कंपनीवाल्यालाही दुरुस्त करता आली नसती. तेल चुकीचं होतं, पण तेल होतं. तुझ्या मायनं मशीन वाचवली."

हे मी त्याची समजूत काढायला बोललो नव्हतो. शब्द न् शब्द खरा होता. आतले सगळे भाग मी नंतर बोट फिरवून बघितले, एकावरही ओरखडा नव्हता.

मग कामाला लागलो. ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याकडून डिझेल आणलं. मशीन अंगणात उन्हात नेली, ती उचलायला सखाराम आणि ऑटोवाला दोघं लागले. थिजलेलं तेल खरवडून काढलं, नळ्या डिझेलनं धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. म्हातारी शेजारी बसून बघत होती. काढलेलं तेल मी फेकायला निघालो तर तिनं हात पुढं केला. आता त्यात डिझेल होतं, डोक्याला तर सोडाच, दिव्यालाही नको, असं सांगितलं. तिनं ते खड्डा करून पुरायला लावलं. मशीनचं उष्टं उघड्यावर टाकायचं नाही म्हणाली.

दुपार कलली तेव्हा मी माझ्या डब्यातलं तेल ताटात ओतलं, रेघेपर्यंत. मशीन आत नेली, वीज जोडली. फुलवंताबाई बसली पण पाय टेकवेना. मी म्हटलं, लावा बाई. तिनं अंगठा टेकवला, मशीन सर्र्कन निघाली, आणि डोक्यावरच्या काचेत तेल उडायला लागलं. फुलवंताबाईनं बाजूच्या ढिगातला वरचा ब्लाऊज ओढला आणि शिवायलाच लागली. सखारामानं दोर गुंडाळून खुंटीला अडकवला.

ती काच मी म्हातारीला दाखवली. सांगितलं, ह्याच्यात तेल नाचताना दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर मशीन उपाशी आहे समजा आणि मला फोन करा. उरलेला डबा तिच्याच ताब्यात दिला, सुनेच्या नाही. मशीन न्यायला आलेल्या त्या ऑटोत बसून मी अर्जुनी स्टेशनला आलो. ऑटोवाला रस्ताभर कुरकुरत होता की माल मिळालाच नाही, भाडं कोणाकडून घेऊ. मी दिलं.

आता मी दुकानात जात नाही. डोळे सुईच्या भोकापुरते राहिले नाहीत. पण फोन येतातच. भाऊ, भारीची घेऊ का साधी? मी अजूनही विचारतो, बंद पडली तर बसून कोण राहील. आणि त्यानंतर दुसरा सवाल विचारतो, तिला तेल कोण घालेल? यावर लोक गोंधळतात. मिस्त्री येईल ना, असं म्हणाले तर मी सांगतो, साधी घ्या. महागाची वस्तू मजबूत असते, पण ती तिच्याच तेलावर चालते. तिच्याकडं रोज बघणारं घरात कोणी नसेल तर कितीही पैसे टाका, लसणाच्या जुड्याच ठेवाल तिच्याखाली.

गेल्या सालच्या मंडईला मी त्या गावी गेलो होतो, पाहुणा म्हणून. सखारामाच्या दारात मोटारसायकल उभी होती, जुनीच, पण त्याची. आत फुलवंताबाई मशीनवर बसलेली आणि घाईत, कोणाचा तरी ब्लाऊज संध्याकाळपर्यंत हवा होता. तरी तिनं मशीन नुसती चालू केली आणि कापड हातात धरून थांबली. म्हातारी भिंत धरत आली, वाकली, त्या काचेवर डोळा नेला. आता तिला फारसं दिसत नाही, वेळ लागला. सून तेवढा वेळ थांबली.

"आहे," म्हातारी म्हणाली. मग फुलवंताबाईनं सुईखाली कापड सरकवलं.